कडधान्याचे दूध : वर्ध्यापासून बुऱ्हाणपुरापर्यंत

पुण्यास जशा वारांच्या नावांच्या पेठा आहेत, तसे तापीकाठच्या बुऱ्हाणपुरासही वारांच्या नावांचे मोहल्ले आहेत. शनवारा आणि इतवारा ही त्यांतील दोन नावे. फारुकी सुलतानांनी वसविलेले आणि मोगलांच्या काळी दक्षिणेचे नाके होऊन बसलेले हे शहर आज मध्यप्रदेशात आहे. तथापि त्याच्या कित्येक घरांत आजही मराठी नांदते, आणि खानदेशाशी त्याचा सोयरसंबंध कधी तुटलेला नाही. अशाच इतवाऱ्यातील एका घरी, आमच्या वृद्ध आत्याबाईंकडे, गेल्या श्रावणात काही दिवस राहण्याचा योग आला. प्रस्तुत लेखाचा विषय तेथील चुलीपाशी सुचला.

घरातील सहा वर्षांच्या नातवास गाईम्हशीचे दूध पचेनासे झाले होते. दुधातील शर्करा त्यास सोसत नाही, तेव्हा काही दिवस सोयाबीनचे दूध देऊन पाहावे, असे वैद्यकाच्या जाणकाराने सुचविले. बाजारातील तयार पेयाचे डबे रोज आणणे परवडणारे नव्हते. आत्याबाईंनी विचार केला की, दाणा तर निमाडात पोत्यांनी पिकतो. मग दूध घरीच का काढू नये? रात्री दाणे भिजत घातले, सकाळी गार पाण्यात वाटले, फडक्यातून पिळले आणि उकळावयास ठेवले. पांढरे शुभ्र दूध निघाले खरे. परंतु त्यास असा काही उग्र, कच्च्या शेंगेचा वास येऊ लागला की, नातवाने पेला तोंडापासून दूर सारला. आत्याबाई खिन्न होऊन म्हणाल्या, "अरे, हा दाणा शेतातच बरा. चुलीशी याचे काही जमायचे नाही."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. ज्या प्रांताच्या शिवारात हा दाणा उदंड पिकतो, त्याच प्रांताच्या चुलीस तो इतका परका का? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास सुमारे शंभर वर्षांचा एक इतिहास उलगडावा लागतो, आणि त्यातील पहिली महत्त्वाची पाने मराठी माणसाच्या अंगणातच लिहिली गेली आहेत.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धान्याचे किंवा फळाचे दूध काढणे ही कल्पना आपल्यास नवी नाही. कोकणात व गोमंतकात नारळाच्या दुधावाचून स्वयंपाक होत नाही. सोलकढी असो, रसातल्या शिरवाळ्या असोत, किंवा गोव्यातील देवळांच्या जेवणावळीत वाढले जाणारे मणगणे असो. खोवलेले खोबरे वाटावे, पिळावे, पहिला दाट रस वेगळा ठेवावा, मग पाणी घालून दुसरा रस काढावा, हा विधी तेथील प्रत्येक सुगृहिणीच्या हातात बसलेला आहे. कोकणीत त्या दुधास 'रोस' म्हणतात, आणि गंमत अशी की खोवलेल्या खोबऱ्यास 'सोय' म्हणतात. सोयाबीनमधील 'सोया' शब्दाशी या 'सोय'चा काहीएक संबंध नाही. तो शब्द जपानी 'शोयू'वरून डच व्यापाऱ्यांच्या तोंडून जगभर गेला. परंतु ध्वनी जुळतो तशी कृतीही जुळते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देशावर व खानदेशात नारळ नाही, पण कुरडईचा चीक आहे. गहू तीन दिवस भिजवावा, रोज पाणी बदलावे, वाटावा, फडक्यातून गाळावा आणि खाली बसलेला पांढरा चीक शिजवावा, हे काम बुऱ्हाणपूरच्या बायकांस कोणी शिकवावे लागत नाही. भिजविणे, वाटणे, पिळणे, शिजविणे या चारही क्रिया आपल्या घरांत पूर्वापार चालत आल्या आहेत. सोयाबीनच्या दुधास याहून निराळे कौशल्य लागत नाही. मग अडले कोठे?

वनस्पतीच्या दुधाचा प्रश्न आधुनिक काळात आपल्याकडे ज्यांनी अत्यंत कळकळीने उपस्थित केला, ते महात्मा गांधी. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर इ. स. १९१२ मध्ये त्यांनी व त्यांचे स्नेही कॅलनबाख यांनी दूध वर्ज्य केले. गाईम्हशींवर दुधासाठी होणाऱ्या अत्याचारांची माहिती हेही या व्रतामागील एक कारण होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या दगदगीनंतर ते अंथरुणास खिळले. शरीर भरून येईना, आणि डॉक्टर तर दुधाचा आग्रह धरीत. अखेर कस्तुरबांनी सुचविले की, व्रत गाईम्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधास अडचण काय? गांधीजींनी ते मान्य केले. परंतु आपण व्रताचे अक्षर पाळले आणि आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवून ठेविली आहे. दुधाची जागा घेणारी एखादी वनस्पती सापडावी, म्हणून त्यांनी वैद्य, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांस वारंवार विचारणा केली. हा शोध त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

याच शोधाचा एक टप्पा वर्ध्यास लागला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे ठाणे पडले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, पालेभाज्या यांबरोबर १९३५ साली सोयाबीनही तेथील अभ्यासाचा विषय झाला. मगनवाडीच्या भोजनात हा दाणा शिजवून वाढण्यात येऊ लागला, आणि १९३३ साली पुण्यात सुरू झालेल्या 'हरिजन' साप्ताहिकात गांधीजींनी त्याविषयी लिहिले. येथे भूगोलाचे एक स्मरण करून द्यावेसे वाटते. त्या काळी वर्धा आणि बुऱ्हाणपूर ही दोन्ही गावे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाड इलाख्यात होती, आणि दोघांची राजधानी नागपूर होती. म्हणजे मगनवाडीतील हा प्रयोग इतवाऱ्यातील माणसाच्या दृष्टीने परप्रांतातील नव्हता, घरचाच होता.

दुसरा प्रयत्न बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या संस्थानात अन्नाची पाहणी करणारे एक स्वतंत्र कार्यालय होते. त्या कार्यालयाने सोयाबीनवर काढलेल्या पत्रकाची दखल 'हरिजन'नेही घेतली होती. त्या कार्यालयाचे अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दाण्याचे पोषणमूल्य, लागवड आणि उपयोग यांचे विवेचन करून त्यांनी त्यात तीनशे पाककृती दिल्या. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. मराठी आडनावाच्या एका संस्थानी अधिकाऱ्याने, ज्या काळी हिंदुस्थानच्या बाजारात हा दाणा कोणी ओळखतही नव्हते त्या काळी, तीनशे पदार्थांचा विचार करून ठेवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. आज त्यांचे नाव अभ्यासकांपलीकडे कोणास ठाऊक नाही.

योगायोग असा की, त्याच १९३६ साली शांघाय येथे हॅरी मिलर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांनी सोयाबीनच्या दुधाचा कारखाना घातला. चीन देशात हे दूध सकाळच्या न्याहारीस गरम गरम पिण्याची रीत पूर्वीपासून होती. मिलर यांनी ते बाटलीत भरून मुलांपर्यंत नेण्याचे ठरविले. पुढील वर्षीच्या जपानी बाँबहल्ल्यात तो कारखाना नष्ट झाला. परंतु सोयाबीन म्हणजे 'चीनची गाय' असे वर्णन करणारे एक व्याख्यान शांघायमध्ये ऐकून प्रभावित झालेल्या लो क्वी-सोंग या व्यापाऱ्याने १९४० साली हाँगकाँग येथे असाच उद्योग आरंभिला, आणि तो टिकला. निर्वासितांची उपासमार डोळ्यांपुढे होती, गाई नव्हत्या, आणि दाणा स्वस्त होता. गरज आणि सवय यांचा तेथे मेळ बसला.

आपल्याकडे मात्र असा मेळ बसला नाही. त्याचे एक कारण विज्ञानाच्या कसोटीत आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेत डॉ. ऐक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांच्या आहारात मलईविरहित दूध आणि सोयाबीन यांचे प्रयोग करून १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुधाने मुलांची वाढ स्पष्टपणे सुधारली. सोयाबीनने तसे घडले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. वी. सुब्रह्मण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली सोयाबीनच्या दुधावर चिकाटीने काम झाले. हेच सुब्रह्मण्यन पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. परंतु १९४६ साली सरकारी तज्ज्ञ समितीने अहवाल दिला की, आपल्या नेहमीच्या डाळींहून सोयाबीनचे विशेष श्रेष्ठत्व दिसून येत नाही. या अहवालानंतर उत्साह ओसरला. खुद्द गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असता आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात दुधावाचून चालत नाही हे त्यांस कबूल करावे लागले. त्यांच्या आहारात अखेरपर्यंत शेळीचे दूधच राहिले.

यानंतर वीस वर्षांनी हा दाणा पुन्हा आला, पण निराळ्या दाराने. मध्य हिंदुस्थानात 'काळीतूर' नावाचा काळ्या सालीचा देशी सोयाबीन थोड्याबहुत प्रमाणात पूर्वीपासून पेरला जात असे. १९६४ साली जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालय स्थापन झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे आणि पंतनगर येथे पिवळ्या दाण्याच्या जातींचे प्रयोग झाले, आणि १९६७ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन-योजना सुरू झाली. माळव्याच्या काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवण्याची रीत होती. ती पडीक जागा सोयाबीनने भरून काढली. शेतकऱ्यास जुने पीक न सोडता नवे पीक मिळाले. १९७० च्या सुमारास देशात या पिकाखाली जेमतेम तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती एक कोटी हेक्टरांहून अधिक आहे, आणि तिचा फार मोठा भाग मध्यप्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांत आहे. १९८७ साली इंदूर येथे या पिकाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. शेतीच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतका विस्तार क्वचितच झाला असेल.

परंतु हा विजय तेलाच्या घाण्याचा होता, चुलीचा नव्हता. सोयाबीनच्या दाण्यात शंभर भागांपैकी सुमारे चाळीस भाग प्रथिने आणि वीसच्या आसपास तेल असते. आपल्या तुरीच्या डाळीत प्रथिनांचे प्रमाण बावीसच्या आसपास आहे. ज्या चाळीस भागांसाठी वर्ध्यास आणि बडोद्यास धडपड झाली, ते पेंडीच्या रूपाने कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात गेले, आणि जहाजांत भरून परदेशी गेले. पिकविणाऱ्याच्या घरी आले ते पिंपातले तेल आणि फार तर पेंडीच्या पिठापासून केलेल्या वड्या. आत्याबाईंचे वाक्य मला बोचले ते यासाठी. दाणा शेतातच राहिला, हे त्यांचे निरीक्षण इतिहासाच्या दृष्टीने अक्षरशः खरे होते.

चुलीने या दाण्यास नाकारण्याचे मुख्य कारण त्याचा वास. या वासाचे मर्म विज्ञानास बऱ्याच उशिरा उमगले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६७ साली दाखवून दिले की, तो उग्र वास अखंड दाण्यात नसतो. दाणा फुटून त्यातील तेलाचा पाण्याशी व हवेशी संबंध आला की, दाण्यातीलच एक पाचकद्रव्य त्या तेलावर तत्काळ काम करते आणि वास उत्पन्न होतो. पाणी ऐंशी अंशांहून अधिक तापलेले असेल, तर ते द्रव्य निष्क्रिय होते. म्हणजे वाटण्यापूर्वीच दाण्यास कढत पाण्याचा स्पर्श झाला पाहिजे. दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच सिद्ध केले होते की, कच्चा सोयाबीन अंगी लागत नाही, नीट शिजविलेला लागतो. पुढे कळून आले की, कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते व ते उकळण्याने नष्ट होते. नारळाच्या रसास किंवा चिकास या दोन अटी नाहीत. आपल्या हातांना कृती ठाऊक होती. परंतु या विशिष्ट दाण्याचा स्वभाव त्यांस कोणी सांगितला नव्हता. सारे अडले होते ते येथे.

हे वाचून झाल्यावर इतवाऱ्यातील स्वयंपाकघरात दुसरा प्रयोग झाला. शंभर ग्रॅम दाणे निवडून रात्रभर भिजविले. सकाळी ते पाणी टाकून दाणे चोळले, आणि साले पाण्यावर तरंगून निघाली. नंतर उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून त्यात दाणे पाच मिनिटे ठेवले आणि ते पाणीही फेकून दिले. मग कढत पाणी थोडथोडे घालीत दाणे बारीक वाटले. वाटताना यंत्राचे झाकण घट्ट न लावता वाफेस वाट ठेवली. एकूण पाणी एक लिटर. हे वाटण धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून, हातास सोसेल इतके निवल्यावर, चीक पिळतात तसे पिळले. निघालेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळीत राहून खरी उकळी आल्यापासून पंधरा ते वीस मिनिटे उकळले. येथे एक सावधगिरी हवी. उकळी येण्यापूर्वीच या दुधावर फेस चढतो व ते उतू जाऊ पाहते. तो फेस म्हणजे उकळी नव्हे. तेवढ्यावर विस्तव काढला तर दूध कच्चे राहते. आत्याबाईंनी शेवटी वेलदोडा व थोडा गूळ घातला. गूळ मात्र विस्तवावरून उतरविल्यावर. फडक्यात उरलेला चोथा त्यांनी टाकू दिला नाही. ज्वारीच्या पिठात तो मिसळून दुपारी त्याची थालीपिठे झाली.

नातवाने पेला संपविला. "नारळाच्या दुधासारखे नाही, पण वाईटही नाही," असा त्याचा अभिप्राय पडला. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवसासाठी दाणे भिजत घातले.

आता आपल्या वाचकांच्या मनात सहज येणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करणे अवश्य आहे. याला दूध म्हणावे काय, आणि देवघरात याचे स्थान कोणते? मला वाटते, येथे संदिग्धता ठेवू नये. पंचामृतातील दूध, दही, तूप ही गोरसाची त्रयी आहे. तिच्या जागी कडधान्याचा रस आणणे परंपरेस धरून होणार नाही, आणि तसे करण्याचे प्रयोजनही नाही. सोयाबीन हे द्विदल धान्य असल्यामुळे ज्या घरांत उपवासास द्विदल वर्ज्य आहे तेथे हे पेयही उपवासास चालणार नाही. नावाविषयी म्हणाल तर अन्नसुरक्षा-प्राधिकरणानेही २०२१ साली विक्रेत्यांस बजावले की, वनस्पतिजन्य पेयांस व्यापारात दूध म्हणू नये. घरगुती बोलीत आपण नारळाचे दूध म्हणतो त्याच अर्थाने सोयाबीनचे दूध म्हणावे, आणि ते गोरस नव्हे याची जाण ठेवावी. मणगण्यातील नारळाच्या दुधाने गाईच्या दुधाचा मान कधी हिरावून घेतला नाही. दोन्ही आपापल्या जागी नांदत आली आहेत.

गुणांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. वर सांगितल्याप्रमाणे काढलेल्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास, म्हणजे शंभरात तीन भागांच्या आसपास असतात. परंतु चुना फार कमी असतो, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व नसतेच. म्हणून ज्यास दूध पचते त्याने ते सोडून हे घ्यावे असे कोणी समजू नये, आणि ज्यास हेच घ्यावे लागते त्याने नाचणी, तीळ, पालेभाज्या यांची जोड द्यावी व वैद्याचा सल्ला घ्यावा. अंगावर पिणाऱ्या अर्भकास आईच्या दुधाऐवजी हे कदापि देऊ नये. घरी काढलेले दूध थंड कपाटातही दोनतीन दिवसांपलीकडे ठेवू नये. कुन्नूरच्या प्रयोगांनी जी मर्यादा दाखविली, तिचा आदर करूनच या दाण्याचा गौरव केला पाहिजे.

तथापि गांधीजींचा प्रश्न एवढ्याने निकालात निघत नाही. गाईस माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्यावरील भार हलका करण्याचा काही मार्ग शोधावा की नाही, असा तो प्रश्न होता. त्याचे संपूर्ण उत्तर सोयाबीनच्या पेल्यात नाही. पण ज्या मुलास दूध पचत नाही, किंवा ज्या घरास रोज दूध घेणे परवडत नाही, त्याच्यापुरते एक उत्तर त्यात निश्चित आहे. मगनवाडीतील प्रयोगास आता नव्वद वर्षे होऊन गेली. काळ्यांची तीनशे पाककृतींची पोथी ग्रंथालयात धूळ खात असेल. शिवारे मात्र पिवळ्या दाण्यांनी भरली आहेत. या दोहोंमध्ये उरले होते ते एक पातेले, एक फडके आणि कढत पाण्याची एक सूचना.

निघण्याच्या दिवशी आत्याबाईंनी मला वाटेसाठी चोथ्याची थालीपिठे बांधून दिली. म्हणाल्या, "हे कसे काढायचे ते शेजारच्या दोघीतिघींना सांगितले आहे. त्यांच्या घरी यंदा सोयाबीनच आहे, विकून उरलेला पायलीभर घरात ठेवणार आहेत." खळ्यावरून सरळ बाजाराकडे निघालेला तो दाणा इतवाऱ्यात पायलीभर का होईना, पण घरी राहिला.